पलटण उसात

आमच्या इनामगावात प्रसिद्ध व्हायचा एकच खात्रीचा मार्ग आहे. आधी मरायचं, मग घोडनदीच्या काठाला मडक्यांशेजारी तीनेक हजार वर्षं पडून राहायचं. मग पुण्याहून शिकलेली माणसं ब्रश घेऊन येतात आणि हळुवार हातानं आपल्यावरची माती झाडतात. मला एवढा धीर नव्हता. मी एनसीसी घेतली.

शिरूरच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला आले तेव्हा हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानासुद्धा माझा घसा बसायचा. मग खाकी मिळाली, डोक्यावर तिरकी टोपी बसली आणि टोपीच्या खाली जे काही होतं ते फुगायला लागलं. दिवाळीपर्यंत मी घरच्या शेळीलासुद्धा ‘सावधान’ म्हणत होते. शेळी विश्राममध्येच राहिली, पण मी मनाला लावून घेतलं नाही. मोठ्या माणसांना सुरुवातीला विरोध होतोच.

मे महिन्यात दौंडजवळ एका शाळेच्या मैदानावर दहा दिवसांचं शिबिर लागलं. वेगवेगळ्या कॉलेजांची पोरं-पोरी, वर पत्रा, खाली सतरंजी, आणि ऊन असं की मैदानावर चहा ठेवला तर गार व्हायच्याऐवजी उकळेल. शिबिरात मोबाइल जमा करून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी एक फोन करू द्यायचे. पहिल्याच संध्याकाळी माझा भाऊ सुरज यानं फोनवर विचारलं की तिथं तू नक्की काय करतीस.

मी म्हणाले, “कमांडर हाय मी. मुलींच्या पलटणीची.”

त्या वेळी माझ्या हाताखाली दोन बादल्या आणि एक खराटा होता. बाथरूम धुवायची पाळी आमच्या खोलीची होती. पण सुरजनं फोन स्पीकरवर ठेवलाय हे मला काय माहीत. पलीकडून आबांचा आवाज आला. आबा म्हणजे माझे आजोबा, भिमा. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता घरची शेती आहे, कळप विकलाय, पण दहा-पंधरा मेंढरं अजून ठेवलीत, कारण दारात में-में नसेल तर आबांना जेवण जात नाही.

“किती डोकी हायती?” आबांनी विचारलं.

“तीस.”

“तिसाला एक माणूस पुरतो,” आबा म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी कळलं की समारोपाची परेड बघायला घरचे सगळे येणार. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आजाराचं सोंग काढलं असतं. पण आमच्या सोसायटीचे चेअरमन पोपटराव त्यांची पिकअप घेऊन येणार होते. पोपटराव लग्नालासुद्धा पिकअप देताना डिझेलचं विचारतात. ते आपण होऊन निघाले म्हणजे बातमी गावभर झाली होती. आता माझ्यापुढं एकच रस्ता उरला, खरोखर कमांडर होणं.

तसं अशक्य नव्हतं. समारोपाच्या दिवशी पलटणींची ड्रिल स्पर्धा होती. मुलींच्या पलटणीचा कमांडर कोण हे उस्ताद ठरवणार होते, आणि ती कमांडर चांगली ठरली तर तिची पुण्याच्या पुढच्या शिबिरासाठी निवड होणार होती. उस्ताद म्हणजे आम्हाला ड्रिल शिकवणारे हवालदार. कडक इस्त्री, कडक मिशी, आणि मराठी कळत असूनही हिंदीतच बोलणार.

पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की कमांडर सायली होणार. सायली कारेगावची, माझ्याच वर्गातली. तिचे पप्पा कंपनीत सुपरवायझर, त्यामुळं की काय, तिचं सगळंच मापात. पाऊल मापात, हात मापात, दोन्ही बाजूंच्या वेण्यासुद्धा सारख्याच जाडीच्या. खोट एकच, तिचा आवाज. ती ‘सावधान’ म्हणायची तेव्हा असं वाटायचं की शेजारणीकडं विरजण मागतेय.

तिसऱ्या सकाळी उस्तादांनी एकेकीला मैदानाच्या टोकाला उभं करून ओरडायला लावलं. माझी पाळी आली. नदीच्या पलीकडं चरणाऱ्या मेंढरांना अलीकडून हाका मारून तयार झालेला गळा आहे माझा. मी ‘प्लाटून, सावधान’ असं म्हणाले, तर मेसमध्ये आचाऱ्याच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं आणि मुलांच्या बाजूची एक अख्खी पलटण, जिचा आमच्याशी काही संबंध नव्हता, सावधान झाली.

उस्तादांनी कानात करंगळी घालून फिरवली. “तुम. आगे आओ,” म्हणाले.

झाले की मी कमांडर. त्या संध्याकाळी फोनवर मी घरच्यांना नवीन काहीच सांगितलं नाही. सांगणार काय? त्यांच्या मते मी आधीपासूनच होते.

खरी पंचाईत चौथ्या दिवशी सुरू झाली. कमांडरनं पलटणीच्या पुढं चालायचं असतं, मान सरळ, नजर समोर. आणि मी दर थोड्या पावलांनी मागं वळून बघत होते. मुद्दाम नाही. माझी मान आपोआप वळायची. मेंढरांपुढं चालणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. एक मागं राहिलं, एक बाभळीला तोंड लावायला थांबलं, एखादं लंगडतंय, हे बघत बघतच चालायचं असतं. मी चालायला शिकले तीच अशी. एवढंच नाही, तर बघताना मी मनातल्या मनात मोजायचे आणि तिसापर्यंत आलं की बरं वाटायचं.

“धनश्री, गर्दन में स्प्रिंग है क्या?” उस्ताद विचारायचे.

“नो सर,” मी म्हणायचे, आणि मागं बघायचे.

शिक्षा मला झाली असती तर मी हसत भोगली असती. पण उस्ताद फौजी माणूस. मी एकदा मागं बघितलं की अख्ख्या पलटणीला मैदानाला एक फेरी पळायला लावायचे, मी उभी राहून बघायचे. दुपारपर्यंत एकतीस-बत्तीस फेऱ्या झाल्या असतील, नक्की आकडा मुलींना पाठ आहे, अजून सांगतात. जेवायला बसले तर माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. वाढपी भाजी वाढताना मला म्हणाला, “ताई, तुमच्यामुळं आज पोळ्या कमी पडल्या. पोरी पळून पळून लई जेवल्या.”

संध्याकाळी सायली बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आली. तिनं तो कापला आणि माझ्या कॉलरमध्ये दोन्ही बाजूंनी खोवला. मान वळवली की पुठ्ठ्याची कड गळ्याला टोचणार.

मी विचारलं, “तुला राग नाही आला? कमांडर तू होणार होतीस.”

“आलाय की,” सायली म्हणाली. “पण मला पळायचाही कंटाळा आलाय.”

पुठ्ठ्यानं काम केलं. दोन दिवस गळ्यावर लाल रेघा घेऊन फिरले आणि मान सरळ झाली. इतकी सरळ की पाठीमागून कुणी हाक मारली तर मी आधी अख्खी वळायचे, दरवाजासारखी. शेवटच्या सरावाला पुठ्ठा काढला तरी एकदाही मागं बघितलं नाही. उस्ताद फक्त ‘हूं’ म्हणाले. त्यांच्या भाषेत ते भाषण होतं. मी तर मनानं पुण्याच्या शिबिराला पोहोचलेसुद्धा होते, तिथं माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची पुसत होतं.

समारोपाचा दिवस उगवला. मंडपाखाली कर्नलसाहेब, आमच्या कॉलेजच्या सारिका मॅडम, आणि परीक्षक. बाजूला घरची मंडळी. पोपटरावांची पिकअप सगळ्यांत आधी आलेली. तिच्यातून आबा, आजी बानूबाई, सुरज, आणि ज्यांचा माझ्याशी संबंध कसा लागतो हे मला अजून कळलेलं नाही अशी पाच-सहा माणसं उतरली. आजीनं नवीन पातळ नेसलं होतं. आबांनी पटका बांधला होता, लग्नात बांधतात तसा. पोपटराव पुढच्या रांगेत बसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला, माझ्याकडं बोट दाखवून, आमची पोरगी म्हणाले. एरवी आमची पोरं त्यांच्या चिंचेखाली दिसली की ते ‘भिमाची कार्टी’ म्हणतात.

मैदान तुम्हाला सांगायला हवं. आम्ही आत येणार त्याच टोकाला, उजव्या हाताला मंडप. आम्ही ज्या दिशेनं आत येणार होतो त्याच्या समोरच्या टोकाला कंपाउंड नव्हतं. एक बुटका बांध आणि बांधापलीकडं लगेच ऊस, खांद्याएवढा. आम्ही सरळ चालत यायचं, बांधाच्या बरंच अलीकडं मी ‘दाहिने घूम’ म्हणायचं, पलटण उजवीकडं वळणार, मग मंडपासमोरून जाताना ‘दाहिने देख’ म्हणायचं, सगळ्यांच्या माना उजवीकडं आणि मी सॅल्यूट करायचा. एवढंच. आम्ही ते इतक्या वेळा केलं होतं की मी झोपेतही केलं असतं.

तेच झालं, मी जवळजवळ झोपेतच केलं.

आत आलो तेव्हा टाचांचा आवाज असा एकसारखा की माझ्या अंगावर काटा आला. सुरजनं मोबाइल वर धरलेला दिसला. आबांचा पटका दिसला. मी छाती आणखी दोन इंच पुढं काढली आणि मनात म्हणाले, धनश्री, ही खरी कमांडर. वळायची जागा आली. ‘दाहिने घूम’ मी अगदी योग्य पावलावर म्हणाले, योग्य लांबीनं म्हणाले, ठणठणीत म्हणाले. फक्त मनात म्हणाले.

मग मी वळले. पलटण वळली नाही.

ती कशाला वळेल? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तीस मुली नाकासमोर बांधाकडं निघाल्या आणि मी एकटीच मंडपाकडं. आठवड्यापूर्वीची मी असते तर चौथ्या पावलाला मागं बघितलं असतं. पण आता मी सुधारले होते. माझ्या मागं तीस जणी आहेत अशा रुबाबात मी हात फेकत चालले होते. टाचांचा आवाज थोडा लांबून येतोय असं वाटलं खरं. मला वाटलं, मंडपामुळं घुमतोय.

लोक हसायला लागले. मला वाटलं, कौतुकानं.

मंडपासमोर आले आणि मी या वेळी मात्र मनात नाही, पूर्ण गळा लावून म्हणाले, “प्लाटून, दाहिनेऽऽ देख.”

माझा आवाज पोहोचला. तो कुठंही पोहोचतो, हेच तर वाईट. बांधापर्यंत गेलेल्या माझ्या पलटणीनं ती आज्ञा ऐकली आणि पाळली. माना झटक्यात उजवीकडं, पाय सरळ. समोर काय आहे ते आता कुणाला दिसतच नव्हतं. बांध चढला, बांध उतरला, आणि पहिली तिघींची ओळ उसात शिरली. मग दुसरी.

मी सॅल्यूट ठोकून कर्नलसाहेबांकडं बघत होते. कर्नलसाहेब माझ्याकडं बघत नव्हते. ते माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होते, आणि त्यांचा सॅल्यूटचा हात अर्ध्यावर थांबला होता. सारिका मॅडमनी तोंडाला रुमाल लावला होता. उस्तादांच्या मिशीचं एक टोक वर गेलं होतं, एक खाली.

आणि तेवढ्यात प्रेक्षकांतून आबा उठले. आमच्या घरात काही शब्द असे आहेत की ते ऐकले की माणूस ताट सोडून उठतो, अंगात ताप असला तरी उठतो. आबांनी तेच म्हटलं.

“अगं धने, उसात गेली गं सगळी.”

आमच्यात याहून मोठी नामुष्की नाही. मेंढरं दुसऱ्याच्या उसात म्हणजे भांडण, शिव्या, कधी कधी पोलीस. मी विचार केलाच नाही. सॅल्यूटचा हात कपाळावरून निघाला तो थेट तोंडाला लागला आणि मी गर्रकन वळून, कर्नलसाहेब आणि झेंडा आणि सगळ्या शिबिराच्या साक्षीनं, मेंढरं परतवायची हाळी दिली. “हिर्रर्र हाऽऽऽ.” लांबलचक, शेवटी वर चढणारी. मग पळत सुटले. बांधाजवळ पोहोचल्यावर आठवलं की या मेंढ्या नव्हेत, यांना हिंदी लागते. मग ‘थम’ म्हणाले, ‘पीछे मुड़’ म्हणाले, ‘तेज चल’ म्हणाले.

उसातून पलटण बाहेर आली. उसाला नुकतंच पाणी दिलेलं होतं, त्यामुळं प्रत्येकीच्या गुडघ्यापर्यंत काळा चिखल, टोप्यांत पाती अडकलेली, हाताला ओरखडे. पण तीन रांगा तशाच होत्या. एकही मुलगी मागंपुढं झाली नव्हती.

सायली सगळ्यांत पुढच्या तिघींत उजव्या कडेला होती. ‘दाहिने देख’ म्हटलं तरी त्या कडेच्या मुलीनं मान वळवायची नसते, समोरच बघायचं असतं, म्हणजे रांग चुकत नाही.

मी तिला दबक्या आवाजात विचारलं, “तुला ऊस दिसत होता ना?”

“चांगला दिसत होता.”

“मग थांबली का नाहीस?”

“तू थम कुठं म्हणालीस?” सायली ओठ न हलवता म्हणाली.

त्यांच्या मागोमाग उसातून एक बाई बाहेर आल्या, लुगड्याचा काष्टा, हातात फावडं. पाणी धरत होत्या. कस्तुराबाई नाव त्यांचं, नंतर कळलं. त्यांनी फावडं बांधावर टेकवलं आणि ही पलटण कुणाची म्हणून विचारलं. मी हात वर केला. सारिका मॅडम धावत निघाल्या होत्या, उस्ताद निघाले होते, पण त्या सगळ्यांच्या आधी आबा पोहोचले. पटका सावरत, हात जोडून. पिकात जितराब शिरलं की आमच्यात जे बोलायचं असतं ते त्यांनी सवयीनं बोलून टाकलं.

“चूक झाली बाई. ल्हान पोरगी हाय, ध्यान ऱ्हायलं न्हाई. एक रात तुमच्या रानात वाडा बसवतो, खत हुईल.”

मेंढरं रात्रभर शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं, नुकसान भरून निघतं. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कस्तुराबाईंनी आबांकडं बघितलं, मग चिखलात उभ्या असलेल्या तीस मुलींकडं, एकेकीकडं नीट.

“ते समदं खरं पाव्हणं,” त्या म्हणाल्या, “पर ह्यांचं खत कसं काय हुनार?”

इथं कर्नलसाहेबांनाही राहवलं नाही. ते मंडप सोडून बांधापर्यंत आले होते, आणि असे हसले की त्यांना टोपी काढून घाम पुसावा लागला. त्यांनी कस्तुराबाईंची माफी मागितली, नुकसानीचं बघतो म्हणाले. बाई उसात वाकून बघून आल्या आणि म्हणाल्या, नुकसान काही फार नाही, पोरी सरीसरीनं गेल्या, तीन रांगा तीन सऱ्यांत. “आमचं गडी खत टाकाया आत घालते, तर त्ये बी असं सरळ जात न्हाईत.”

परीक्षकांनी हे लिहून घेतलं की काय कोण जाणे. पण निकाल लागला तेव्हा ड्रिलमध्ये मुलींची पलटण पहिली आली. रांग न मोडल्याबद्दल पैकीच्या पैकी. कमांडरला शून्य.

उस्तादांनी मला बाजूला घेतलं. मी तयारीत होते, ओरडतील, फेऱ्या मारायला लावतील. त्यांनी एकच विचारलं, हुकूम का दिला नाही. मी खरं ते सांगितलं, की दिला होता सर, मनात दिला होता.

उस्तादांनी मिशी सारखी केली. “बेटा,” ते म्हणाले, “मन में तो मैं भी रोज जनरल हूं.”

माझ्या शून्यामुळं पुण्याच्या शिबिरासाठी सायलीचं नाव आलं, आणि पलटणीची कमांडरही तीच झाली. मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन-तीन जोर करून वाजवाव्या लागल्या, नंतरच्या आपोआप वाजल्या. पुठ्ठा कापताना तिची जीभ कशी दातांत आली होती ते आठवलं, म्हणून असेल.

घरच्यांची मला भीती होती. पण आजी बानूबाई भेटेल त्या अनोळखी बाईला सांगत होती की माझ्या नातीची पलटण पहिली आली. शून्याचं तिनं ऐकलंच नाही, किंवा ऐकून टाकून दिलं. सुरजनं व्हिडिओ आधीच गावाला पाठवला होता. पोपटराव आता शेजारच्या माणसाला, ही आमच्या भिमाची नात, असं सांगत होते. म्हणजे मी पुन्हा भिमाकडं जमा झाले होते. आबांना मी विचारलं, राग आला का. ते म्हणाले, “एक बी मागं ऱ्हायली न्हाई ना? तीस गेल्या, तीस आल्या. मंग?” मी सांगायला गेले की आबा, तसं नसतं, इथं वेगळे मार्क असतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिकअपच्या सावलीत भाकरी सोडली.

शेवटी झेंडा उतरवायचा कार्यक्रम होता. बक्षीस मिळालेल्या पलटणीनं मानवंदना द्यायची होती, आणि हुकूम नवीन कमांडर देणार होती. मी माझी जागा सायलीला दिली आणि मागच्या रांगेत मधोमध जाऊन उभी राहिले. दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्या पुढं माणसं होती. चिखल वाळून पांढरा झालेल्या पोटऱ्या दिसत होत्या, आणि खूप लांब, सगळ्यांच्या पलीकडं, सायलीच्या सारख्या जाडीच्या दोन वेण्या.

तिनं श्वास घेतला ते इतक्या लांबून दिसलं. तेवढ्यात दौंडकडं निघालेली मालगाडी हॉर्न देत आली. डबे संपता संपेनात. सायलीचा आवाज तो केवढा, विरजण मागायचा. आपल्याला आतून ओरडून सांगावंसं वाटतंय, हुकूम पुढं ढकलावासा वाटतोय, हे माझं मला कळलं. मी दातावर दात ठेवले. रांगेत बोलायचं नसतं, आणि आज तिची पाळी होती. मी कान टवकारले, तिच्या पाठीकडं बघत राहिले, खांदे कधी उचलले जातात ते. यापेक्षा जास्त लक्ष देऊन मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल.

खांदे उचलले गेले.

“सावधान,” सायली म्हणाली असावी.

तीस टाचा एकदम वाजल्या. म्हणजे एकोणतीस एकदम वाजल्या. माझी जरा आधी वाजली.